खाणे आणि हाडे : बदकांच्या सांगाड्यात आहार किती दिसतो?

‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची सहावी आवृत्ती 1872 साली निघाली, तेव्हा चार्ल्स डार्विनने तिच्यात एक नवे प्रकरण घातले होते. सेंट जॉर्ज मायव्हर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने आदल्या वर्षी घेतलेल्या आक्षेपांना त्यात उत्तर होते. देवमाशाच्या तोंडातले गाळणे थोडेथोडे करून घडले असेल तर त्याच्या अर्धवट अवस्थेचा त्या प्राण्याला उपयोग काय, असा मायव्हर्टचा एक सवाल होता. डार्विनने देवमासा बाजूला ठेवला आणि बदकाची चोच पुढे केली. थापट्या बदकाच्या वरच्या चोचीत एकेका बाजूला 188 पातळ, लवचीक पट्ट्यांची रांग त्याला दिसली. साध्या बदकात त्या पन्नासच्या आसपास होत्या. पाळीव कलहंसात सत्तावीसच, आणि त्याही जाडजूड, दातांसारख्या गाठी आलेल्या. थापट्या पाणी गाळतो, कलहंस गवत तोडतो आणि साधे बदक दोन्ही करते. मधल्या पायऱ्यांवरचे पक्षी आजही जिवंत आहेत आणि त्यांचे पोटही भरते आहे, हेच त्याचे उत्तर होते.

ते उत्तर चोचीपुरते होते. आज प्रश्न सगळ्या सांगाड्याचा झाला आहे. बदके, कलहंस आणि हंस यांच्या कवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत जे फरक दिसतात, त्यांतले किती आहाराने घडवले? गेल्या पन्नास वर्षांतले काम एकत्र ठेवून पाहिले तर मला उत्तर असे दिसते: जबड्यावर आहाराची छाप अगदी ठसठशीत आहे, मानेपासून खाली मात्र पक्षी काय खातो यापेक्षा ते कुठून आणि कोणत्या रीतीने मिळवतो, याला जास्त महत्त्व आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की निष्कर्ष चुकतात, आणि ते चुकल्याची ठळक उदाहरणे आहेत.

या प्रश्नासाठी हे कुळ फार सोयीचे आहे. सुमारे 170 ते 180 जाती, अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत वस्ती, आणि आहार म्हणाल तर गवत, बिया, पाणवनस्पतींची मुळे, डासांच्या अळ्या, शिंपले, खेकडे, मासे. उजनीच्या फुगवट्यावर किंवा नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात गेले तर यातला बराच पल्ला एकाच सकाळी दिसतो. उथळ पाण्यात थापटे डोके बुडवून गोल गोल फिरत असतात. एकाच्या पायांनी ढवळलेले पाणी मागचा गाळतो. काठावर आणि लगतच्या हरभऱ्या-गव्हाच्या शेतात पट्टकदंब चरत असतात. जरा खोल पाण्यात लालसरी बुड्या मारते. तळ्यांच्या झाडझाडोऱ्यात काणूक असते, इवलेसे पाखरू, पण चोच पाहिली तर आखूड, उंच, थेट कलहंसाच्या घाटाची. काणुकीच्या त्या चोचीकडे पुढे यायचे आहे.

आधी गाळण्याची क्रिया पाहू, कारण तिच्यावाचून कवटीतली हाडे समजत नाहीत. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात गार्ट झ्वेअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये मॅलार्ड बदकाच्या खाण्याचे तपशीलवार विश्लेषण प्रसिद्ध केले. बदक चोच किंचित उघडते-मिटते, इतक्या भराभर की नुसत्या डोळ्यांना ती थरथरल्यासारखी दिसते. त्याच वेळी जाड, मांसल जीभ मागे-पुढे सरकत दट्ट्याचे काम करते. जीभ मागे गेली की चोचीच्या टोकातून पाणी आत येते. मग जिभेच्या मागच्या बाजूचा फुगवटा ते पाणी कडेच्या पट्ट्यांमधून बाहेर रेटतो. अळ्या, बिया, बारीक कवचधारी जीव आत अडकतात. पाणी समोरून येते आणि कडेने जाते, म्हणून चोच टोकाकडे रुंद असण्यात फायदा आहे. थापट्याची चोच म्हणूनच फावड्यासारखी पसरली आहे, आणि तिच्या टोकाच्या हाडाला असंख्य बारीक छिद्रे आहेत. त्यांतून स्पर्शाच्या नसा बाहेर येतात. गढूळ पाण्यात काय खायचे आणि काय टाकायचे, हे डोळा नाही, चोचीचे टोक ठरवते.

या सगळ्या यंत्रणेला एक गोष्ट लागते: चोच जोराने उघडता आली पाहिजे. बहुतेक प्राण्यांत जबडा मिटण्याचे स्नायू बलवान असतात आणि उघडण्याचे नावापुरते. बदकाच्या खालच्या जबड्याला सांध्याच्या मागे हाडाचा एक लांब, चपटा फाटा असतो. जबडा उघडणारा स्नायू त्याला जोडलेला असतो आणि फाटा लांब असल्यामुळे त्याला चांगली तरफ मिळते. पाण्याचा आणि चिखलाचा विरोध मोडून सेकंदात कित्येक वेळा चोच उघडायची, तर हे हवेच. गंमत अशी की हा लांब फाटा कोंबडीच्या कुळातही सापडतो, आणि कोंबडी काही पाणी गाळत नाही. बदके आणि कोंबड्या हे एकमेकांचे सर्वांत जवळचे नातलग, तेव्हा हा फाटा दोघांच्या सामाईक पूर्वजाकडून आला असावा. गाळणाऱ्यांनी तो घडवला नाही. हाताशी होता, तो वापरला आणि वाढवला. आहार हाडांना आकार देतो हे खरे, पण घरात असलेल्या सामानातूनच देतो.

आता चरणारे पक्षी. गवताचे पाते चिमटून तोडायला जोर लागतो, आणि तो जोर चोचीच्या टोकाशी पोहोचावा लागतो. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ धरली तर सहज फुटते आणि टोकाशी धरली तर हात दुखतो. चोचीचे गणित हेच आहे. चोच आखूड आणि बुडाशी उंच केली की टोक बिजागरीच्या जवळ येते आणि चावा जबर होतो. लांब, चपटी चोच वेगाने हलते, पण चिमटा हलका बसतो. कलहंसाच्या चोचीत पहिला पर्याय आहे, थापट्याच्या चोचीत दुसरा. दोन्ही एकदम मिळत नाहीत. लायडनच्याच परंपरेतल्या 2003 च्या एका अभ्यासाने हे द्वंद्व नीट मांडले: चरण्यासाठी जे जे सुधारावे, त्याने गाळणे बिघडते. कलहंस पाणी गाळू शकतात, पण बेताचेच. थापट्या गवत उपटू शकेल, पण त्यावर जगणार नाही.

मग या दोन टोकांमध्ये उत्क्रांती कोणत्या दिशेने गेली? डार्विनची मांडणी स्वाभाविकपणे कलहंसाकडून थापट्याकडे जाणारी होती, साध्याकडून गुंतागुंतीकडे. 2017 मध्ये एरन ऑल्सन यांनी अनेक जिवंत आणि काही नामशेष जातींच्या चोचींचे त्रिमितीय आकार मोजले, ते आहाराच्या नोंदींशी आणि वंशवृक्षाशी ताडून पाहिले. चोचींमधला सर्वांत मोठा फरक बदकी घाटापासून कलहंसी घाटापर्यंतच्या एकाच अक्षावर पडतो आणि तो आहाराशी घट्ट जुळतो, असे त्यांना आढळले. पण दिशा उलटी निघाली. मूळचा घाट बदकी, आणि चरण्याकडे वळलेल्या शाखांनी कलहंसी घाट स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा कमावला. खरे कलहंस, ऑस्ट्रेलियाचा केप बॅरन कलहंस, दक्षिण अमेरिकेतले शेल्डगूज आणि आपली काणूक, यांच्या चोची सारख्या दिसतात त्या नात्यामुळे नव्हेत. गवताळ, पालेदार खाण्याने वेगवेगळ्या घराण्यांना एकाच घाटावर आणून उभे केले आहे. विजन नावाच्या बदकांत तर हा बदल अर्ध्या वाटेवर पाहायला मिळतो: नाते थेट पाणी गाळणाऱ्या बदकांशी, आवड चरण्याची, आणि चोच शेजारच्या जातींपेक्षा आखूड.

इतका स्वच्छ संबंध पक्ष्यांत सगळीकडे सापडत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. गिलेर्मो नवालोन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये सगळ्या आधुनिक पक्ष्यांचा एकत्र विचार केला, तेव्हा चोचीचा आकार आणि आहार यांचे नाते बरेच सैल निघाले. बदकांतच ते घट्ट का असावे? मला वाटते, याचे कारण खाण्याच्या रीतीत आहे. शिकारी पक्षी भक्ष्य पायाने धरतो आणि मारतो. बदकाचे पाय त्यासाठी कामाचे नाहीत. शोधणे, पकडणे, तोडणे, धुणे, निवडणे हे सगळे त्याला तोंडानेच करायचे असते. शिवाय गाळणे ही द्रवाच्या प्रवाहावर चालणारी क्रिया आहे, तिच्यात आकाराची चूक खपत नाही. झिहेंग ली आणि ज्युलिया क्लार्क यांनी 2016 मध्ये जिभेला आधार देणारी हाडेही तपासली आणि तीही खाण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतात, असे दाखवले. एकटी चोच बदलत नाही, तोंडाची सगळी यंत्रणा एकदम बदलते.

हे बदल अंड्यात कसे घडतात यावरही सुंदर काम झाले आहे. रिचर्ड श्नायडर आणि जिल हेल्म्स यांनी 2003 मध्ये बदक आणि लावा यांच्या भ्रूणांत चेहरा घडवणाऱ्या विशिष्ट पेशींची अदलाबदल केली. बदकाच्या पेशी मिळालेल्या लाव्याला रुंद, बदकी चोच आली. लाव्याच्या पेशी मिळालेल्या बदकाला आखूड. म्हणजे घाटाचा आराखडा त्या पेशी स्वतःबरोबर आणतात. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. जबडा मिटणारा स्नायू जिथे हाडाला जोडतो, तिथे बदकाच्या भ्रूणात कूर्चेचा एक जादा तुकडा तयार होतो. लाव्यात होत नाही. श्नायडर यांच्याच प्रयोगशाळेत असे दिसले की अंड्यातल्या पिल्लाचे स्नायू औषधाने लुळे केले तर बदकातही तो तुकडा बनत नाही. अजून एकही घास न खाल्लेल्या पिल्लाच्या जबड्यात स्नायूंची ओढ हाड घडवत असते. निवड वंशाच्या पातळीवर होते, पण तिला हाताशी धरायला असा यांत्रिक दुवा आयता मिळतो.

मानेकडे आले की चित्र पालटू लागते. सस्तन प्राण्यांच्या मानेत, जिराफ असो की उंदीर, जवळजवळ नेहमीच सात मणके असतात. मॅलार्डच्या मानेत सोळाच्या आसपास आणि हंसांत 22 ते 25. हंस शेपूट वर करून पालथा होतो आणि लांब मान तळापर्यंत पोहोचवून पाणवनस्पती उपटतो. बदके त्याच तळ्यात उथळ पाण्यात चरतात. खाणे पुष्कळदा एकच असते, खोली वेगळी असते. पोहोच कुठवर हवी, यावरून मणक्यांची संख्या ठरली आहे. त्या वनस्पतीची चव, पोषण किंवा कठीणपणा यांचा इथे संबंध नाही.

छाती, कंबर आणि पाय यांत तर हे आणखी ठळक होते. बुड्या मारणाऱ्या बदकांचे पाय मागे सरकलेले असतात, कमरेचे हाड अरुंद आणि लांबट होते, मांडीचे हाड आखूड आणि भक्कम, गुडघ्याच्या पुढचा हाडाचा कंगोरा वाढलेला. छातीचे हाड मागपर्यंत जाऊन पोटातल्या अवयवांना आधार देते. पॅट्रिक ओकॉनर यांनी 2004 मध्ये या कुळातल्या आणि त्याच्या नातलगांतल्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्यांची नोंद केली. बदकांचे दूरचे नातलग असलेल्या, दक्षिण अमेरिकेतल्या स्क्रीमर पक्ष्यांची हाडे हवेने भरलेली असतात, अगदी पायाच्या हाडांपर्यंत. बुड्या मारणाऱ्या बदकांत या पोकळ्या खूपच कमी होतात. पाण्याखाली राहायचे तर तरंगणे हा अडथळा आहे, आणि हाडांतली हवा कमी केली की तो थोडा हलका होतो. आता बुडी मारणाऱ्यांत कोण कोण येते ते पाहा. मासे धरणारे मर्गान्सर, शिंपले खाणारे आयडर आणि स्कोटर, मुळे-कंद खाणारी लालसरी. तीन वेगळे आहार, आणि गळ्याखालचा सांगाडा एकाच धाटणीचा.

शिंपल्यांचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. इतके कठीण अन्न खाणाऱ्या आयडरची कवटी पोपटासारखी दणकट असावी, असे कुणालाही वाटेल. पण आयडर शिंपला फोडतच नाही. तो अख्खा गिळतो आणि पेषणीत, म्हणजे जठराच्या जाड स्नायूंच्या भागात, चिरडतो. कठीणपणाशी झुंज पोटात होते, म्हणून तिची खूण कवटीवर उमटत नाही. जीवाश्मावरून आहार सांगताना हे लक्षात ठेवले नाही तर फसगत ठरलेली, कारण पेषणी दगडात टिकत नाही. डार्विनने मोजलेल्या त्या पट्ट्याही केराटिनच्या असतात, हाडाच्या नव्हेत, आणि त्याही सहसा टिकत नाहीत.

पायांमुळे झालेली फसगत आता या विषयाच्या इतिहासाचाच भाग आहे. ब्रॅडली लिव्हझी यांनी 1986 मध्ये प्रामुख्याने हाडांच्या लक्षणांवरून या कुळाचा मोठा वंशवृक्ष मांडला. कष्टाने केलेले ते काम अनेक वर्षे आधारभूत राहिले. ऑस्ट्रेलियाचे मस्क डक आणि ताठ शेपटीची बदके जवळची नातलग आहेत, असा त्यातून निष्कर्ष निघत होता. 1999 मध्ये केव्हिन मॅक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला, तर ते नाते टिकेना. दोन्ही गट तळाशी बुडी मारून खाणारे. त्यांच्या पायांची लक्षणे एका कामासाठी एकत्र बदलली होती. वंशवृक्ष काढताना ती अनेक स्वतंत्र पुरावे म्हणून मोजली गेली, प्रत्यक्षात तो एकच पुरावा अनेकदा मोजलेला होता. खाण्याची पद्धत सांगाड्यावर किती खोल जाते, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

बेटांवर मात्र आहाराने सांगाड्याला मोकळे रान दिले. हवाई बेटांवर माणूस पोहोचण्यापूर्वी सस्तन चरणारे प्राणी नव्हतेच. ती जागा बदकांनी घेतली. स्टॉर्स ऑल्सन आणि हेलन जेम्स यांनी 1991 मध्ये ज्यांचे वर्णन केले ते मोआ-नालो हे उडू न शकणारे, जाडजूड पायांचे, कलहंसापेक्षाही मोठे पक्षी होते. त्यांतल्या काउआई बेटावरच्या जातीची चोच कासवाच्या जबड्यासारखी उंच आणि तोकडी. माउईवरच्या एका जातीच्या चोचीच्या कडेला दातांसारखे हाडाचे उंचवटे. हे कलहंसांचे वंशज असावेत, असे रूपावरून कुणीही म्हटले असते. 1999 मध्ये मायकेल सोरेन्सन आणि सहकाऱ्यांनी जीवाश्मांतून डीएनए काढला आणि ते मॅलार्डसारख्या पाणी गाळणाऱ्या बदकांच्या घराण्यातले निघाले. माउईच्या एका गुहेत त्यांच्या वाळलेल्या विष्ठेचे अवशेषही सापडले. 1997 च्या अभ्यासाप्रमाणे त्यात नेच्यांचे आणि इतर पाल्याचे अंश होते. आहाराचा थेट पुरावा, डीएनएचा पुरावा आणि हाडे, तिन्ही एकाच पक्ष्याबद्दल हाती असण्याचे भाग्य या क्षेत्रात क्वचितच लाभते. माणूस आल्यावर ते पक्षी संपले, आणि ही हानी फार मोठी आहे.

त्याच काउआईवरच्या एका गुहेत तालपानास नावाच्या बदकाची कवटी मिळाली. तिचे वर्णन 2009 मध्ये आले. डोळ्यांच्या खोबण्या लहान, दृष्टीच्या नसेचे छिद्र बारीक, आणि चोचीकडे जाणाऱ्या स्पर्शाच्या नसेसाठी भलेमोठे छिद्र. न्यूझीलंडचा किवी जसा रात्री चोचीने जमीन चाचपून खातो, तसेच काहीसे हे बदक करत असावे. चाचपून खाणे तर थापट्याही करतो. या बदकाने तीच वारशातली क्षमता पाण्यातून जमिनीवर आणली आणि डोळ्यांची किंमत मोजून वाढवली.

आहाराचे वर्गीकरण हा या सगळ्या अभ्यासांचा कच्चा भाग आहे, असे माझे मत आहे. तक्त्यात एका जातीपुढे ‘वनस्पती’ किंवा ‘अपृष्ठवंशी’ असे लिहिले जाते. पण पुष्कळ बदकांची पिल्ले पहिले काही आठवडे मुख्यतः किडे-अळ्या खातात, अंडी घालण्याआधी मादी प्राणिज अन्नाकडे वळते, आणि हिवाळ्यात तोच पक्षी बियांवर राहतो. यांतला कोणता काळ हाडांवर निवडीचा दाब टाकतो? कदाचित सर्वांत तंगीचा. वर्षभराच्या सरासरीत तो काळ दिसतच नाही. पकडण्याची रीत आणि टंचाईच्या दिवसांतले अन्न वेगळे नोंदवले, तर आज सैल दिसणारे काही संबंध घट्ट होतील आणि घट्ट दिसणारे काही सैल पडतील.

राहता राहिला मुळाचा प्रश्न. आजच्या उत्तर अमेरिकेत, ग्रीन रिव्हरच्या इओसीन काळातल्या खडकांत, प्रेसबायऑर्निस नावाच्या पक्ष्याची हाडे ढिगाने मिळतात. डोके बदकाचे, चोच गाळणाऱ्याची, आणि पाय लांबलचक, चिखलात चालणाऱ्याचे. डोके आणि पाय वेगवेगळ्या गतीने बदलतात, हे या एका प्राण्यात दिसते, आणि बदकी चोच जुनी असल्याच्या मताला तो बळ देतो. स्क्रीमरची चोच मात्र कोंबडीसारखी आहे. तिच्यात गाळण्याच्या पट्ट्यांचे अवशेष असल्याचे 1980 मध्ये स्टॉर्स ऑल्सन आणि फेडुचिया यांनी मांडले. ते खरे असेल तर स्क्रीमरचे पूर्वजही पाणी गाळत असणार. त्यावर अजून वाद आहे. आणि 2025 च्या फेब्रुवारीत क्रिस्टोफर टॉरेस व सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातल्या वेगाविस या सुमारे 6.9 कोटी वर्षांपूर्वीच्या पक्ष्याची जवळजवळ पूर्ण कवटी जगापुढे ठेवली. चोच लांब, अणकुचीदार, जबड्याचे स्नायू बळकट, पाण्यात बुडून मासे धरणाऱ्याला शोभतील असे. वंशवृक्षावर त्याची जागा बदकांच्या शाखेत आहे, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे; इतर काहींना ते मान्य नाही. टॉरेस आणि सहकाऱ्यांचे बरोबर असेल, तर डायनोसोर संपण्यापूर्वीच या शाखेतला एक तरी पक्षी मासे धरत होता, आणि बदकी चोच हीच मूळ चोच हा 2017 चा निष्कर्ष डायनोसोरांच्या काळापर्यंत मागे नेता येणार नाही. मधला, पॅलिओसीन काळातला, चोच शाबूत असलेला एखादा नमुना हाती आला, तरच हा वाद पुढे सरकेल.